स्पेक मियाटा: डायनोवर वाढलेली ताकद तिसऱ्या लॅपनंतर कुठे जाते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बेस टायमिंग (ठिणगी पडण्याची मूळ वेळ) आणि फ्युएल प्रेशर जुळवलं, चाकांवर चार-पाच हॉर्सपॉवर वाढल्याचा आलेख हातात आला. शनिवारी पहिले दोन लॅप गाडी मस्त ओढते, आणि मग सरळ रस्त्यावर शेजारची मियाटा हळूहळू पुढे सरकू लागते. पिटमध्ये आणून बघितलं तर इंजिनात काही वावगं दिसत नाही. रविवारी सकाळी गाडी पुन्हा ठीक, दुपारी पुन्हा तेच. ट्यूनर म्हणतो, डायनोवर तर सगळं बरोबर होतं. तो खोटं बोलत नसतो.

इथे डोळ्यासमोर आहे तो अमेरिकेतला स्पेक मियाटा वर्ग, म्हणजे माझदाच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारची, सगळ्यांना सारख्या नियमांत बांधलेली शर्यत. तो एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) आणि नासा (अंतराळवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन) या दोन्ही संस्था चालवतात. १९९० ते २००५ च्या एनए (पहिल्या) आणि एनबी (दुसऱ्या) पिढ्यांतल्या १.६ आणि १.८ लिटरच्या गाड्या यात पळतात. या वर्गात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्टॉकच (कंपनीचा मूळचाच) ठेवावा लागतो. आतला नकाशा (पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता) बदलायचा नाही, मध्ये पिगीबॅक (ईसीयूचे इशारे बदलणारी जोडपेटी) घुसवायचा नाही. मग ट्यूनिंगला उरतं काय? बेस टायमिंग, फ्युएल प्रेशर, आणि ईसीयूपर्यंत पोचणारी सेन्सरची माहिती. प्रेशर आणि टायमिंगला किती मोकळीक आहे हे मॉडेल-वर्षानुसार बदलतं, त्यामुळे चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडं ठेवूनच पाना हातात घ्यावा.

या वर्गात ताकद ‘हरवते’ तेव्हा ईसीयू सहसा बिघडलेला नसतो. तो हिशेबाला पक्का असतो. चुकीचे आकडे दिले की चुकीचं उत्तरही तो अगदी चोख काढतो. म्हणून शोध ईसीयूत नव्हे, त्याच्या भोवती घ्यायचा.

आधी हे पाहा: ताकद खरंच वाढली होती का

डायनोचा आकडा हवामानाप्रमाणे सुधारलेला असतो. एसएई जे१३४९ या सुधारणेत २५ अंश सेल्सियस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा गृहीत असते. जुन्या ‘एसटीडी’ सुधारणेत साधारण १५.६ अंश धरतात आणि तिचा आकडा सुमारे ४ टक्क्यांनी फुगलेला येतो. ट्यूनिंगआधीचा आलेख एसएईवर आणि नंतरचा एसटीडीवर छापला असेल, तर ११० हॉर्सपॉवरच्या गाडीत चार-साडेचार हॉर्सपॉवर छपाईतच वाढलेली असते. अशा आलेखांच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायची सवय ठेवावी. बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

दोन्ही धावा एकाच डायनोवर, एकाच दिवशी, त्याच टायर-दाबावर आणि चौथ्या गिअरमध्ये हव्यात. मियाटाच्या पाच-गिअरी पेटीत चौथा गिअर १:१ आहे. पहिली धाव बाजूला ठेवा, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं तेल अजून गार असतं. पुढच्या तीन धावांची सरासरी घ्या. दीड टक्क्याच्या आतला फरक मोजणीतलाच समजा.

डायनोवर टेलपाइपमध्ये नळी घालून मोजलेल्या एएफआरवरही (हवा-पेट्रोल गुणोत्तरावरही) फार विसंबू नये. शेवटच्या टोकाला बाहेरची हवा मिसळते आणि मिक्स्चर आहे त्यापेक्षा लीन (कमी पेट्रोलचं) दिसतं. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हे गुणोत्तर मोजणारा) एक्झॉस्टच्या चारही नळ्या एकत्र येतात त्यापुढे, कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, वायरीचं टोक आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर राहील असा बसवा. वायरीचं टोक खाली असेल तर साचलेलं पाणी त्याचा जीव घेतं.

आकडे एएफआरऐवजी लॅम्डात (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले रासायनिक समतोलाचं गुणोत्तर) वाचणं बरं. अमेरिकेतल्या पंपावरच्या ई१० पेट्रोलचं रासायनिक समतोलाचं गुणोत्तर १४.१ च्या आसपास असतं, पण गेज मात्र १४.७ धरूनच गुणाकार करतो. लॅम्डा ०.८६ ते ०.९० हा या इंजिनांचा जास्तीत जास्त ताकदीचा पट्टा. १४.७ च्या गेजवर तो साधारण १२.६ ते १३.२ असा दिसेल.

तक्रार नेमकी केव्हा येते

निदानाचा अर्धा भाग इथेच होतो, आणि लोक नेमकं हेच सांगत नाहीत. ‘गाडी ओढत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही. सेशनभर हळूहळू दम कमी होत असेल तर उष्णता किंवा फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून करतो ती पेट्रोलची वाढ-कपात). फक्त लांब वळणातून बाहेर पडताना एक-दोन सेकंद खोकत असेल तर टाकीत पेट्रोल पिकअपपासून (पंप जिथून ओढतो त्या तोंडापासून) दूर जातंय. ग्रिडवर दहा मिनिटं उभी राहिल्यावर पहिला लॅप मंद आणि मग बरी होत असेल तर इनटेकच्या हवेचा सेन्सर तापलाय. सेशनमध्ये फरक नाही, पण महिन्या-महिन्याने गाडी मंदावत गेली असेल तर बेस टायमिंग सरकतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय.

हे पाठीच्या जाणिवेवर सोडू नका. जीपीएस लॉगर असेल तर एकाच सरळ रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ५००० ते ६५०० आरपीएम जायला किती वेळ लागला ते दुसऱ्या आणि नवव्या लॅपमध्ये पाहा. पुढच्या गाडीच्या ड्राफ्टमध्ये (तिने फोडलेल्या हवेत) असलेले लॅप टाकून द्या. ड्राफ्टचा फायदा कुठल्याही ट्यूनिंगपेक्षा मोठा असतो आणि तो सगळा हिशेब बिघडवतो. वारा फिरला असेल तर तेही लिहून ठेवा.

१९९६ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ (ईसीयूतले आकडे स्कॅनरने वाचायची सोय) आहे, पण या काळातली के-लाइन (ते आकडे वाहून आणणारी तार) फार हळू. वीस गोष्टी एकदम मागवल्या तर प्रत्येकीचं मोजमाप काही सेकंदांनी एकदा येतं आणि उपयोगाचं राहत नाही. चारच मागवा: आरपीएम, इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते), लाँग टर्म फ्युएल ट्रिम आणि इनटेक हवेचं तापमान. कूलंटचं तापमान वेगळ्या गेजवर पाहा. मूळ डॅशबोर्डवरचा काटा मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. तो हलायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

वाढवलेलं प्रेशर ईसीयू परत काढून घेतो

ओबीडी-२ च्या मियाटात सगळ्यात जास्त वेळा फसवणारी भानगड हीच.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ३.० बारचं ३.३ बार केलं, म्हणजे प्रेशर १० टक्के वाढवलं, तर पेट्रोल १० नव्हे, सुमारे ४.९ टक्के वाढतं. गेजवर १३.५ असलेलं मिक्स्चर १२.९ च्या आसपास येतं. डायनोवर हेच दिसतं आणि सगळे खूश होतात.

आता गाडी ट्रेलरवरून उतरते, पॅडॉकमध्ये फिरते, पेस लॅप करते. अर्ध्या थ्रॉटलवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिक्स्चर लॅम्डा १ वर धरतो. त्याला दिसतं की नेहमीच्या इंजेक्टर-वेळेत पाच टक्के जास्त पेट्रोल येतंय. तो वेळ कापतो, आणि हळूहळू ती कपात लाँग टर्म ट्रिममध्ये लिहून ठेवतो: उणे पाच. पुढे फुल थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरकडे पाहणं थांबवतो, पण शिकलेली उणे पाचची कपात तिथेही लागू राहिली, तर वाढवलेलं सगळं पेट्रोल वजा झालं. मिक्स्चर पुन्हा १३.५ वर. म्हणजे पंपाला जास्त काम लावलं आणि हाती काहीच आलं नाही.

तपासायची रीत सोपी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून किंवा स्कॅनरने ट्रिम पुसा, इंजिन गरम करा आणि लगेच फुल थ्रॉटलची एक धाव घेऊन वाइडबँडचा आकडा लिहा. मग वीस-तीस मिनिटं गाडी वेगवेगळ्या भारावर चालवा, मुख्यतः अर्ध्या थ्रॉटलवर. पुन्हा तीच फुल थ्रॉटलची धाव. दोन आकड्यांत जितका फरक, तितकी ट्रिमची सावली फुल थ्रॉटलवर पडते. सोबत लॉगमधला ट्रिमचा आकडा ठेवा. दोन्ही जुळले की शंका उरत नाही.

जुळले तर काय करायचं? पहिली गोष्ट, रेग्युलेटरचा स्क्रू फिरवणं थांबवायचं. जितकं पिळाल तितकं ईसीयू कापेल. मग उलटा प्रश्न विचारा: प्रेशर स्टॉक असताना, सगळं शिकून झाल्यावर, ट्रिम किती होती? ती शून्याच्या आसपास, म्हणजे अधिक-उणे तीनच्या आत असायला हवी. स्टॉक प्रेशरलाच ट्रिम अधिक आठ-दहा असेल तर ईसीयू कसलीतरी उणीव भरून काढतोय: थ्रॉटलनंतर हवेची गळती, मळलेला एअरफ्लो सेन्सर, थकलेला पंप, तुंबलेला फिल्टर. ते दुरुस्त करा. प्रेशर वाढवून ते झाकलं तर पुढच्या शर्यतीत ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतं.

यातच एक गंमत लपलेली असते. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल किंवा गॅस्केट फुटलं असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि फुल थ्रॉटलला गाडी विनाकारण रिच (जास्त पेट्रोलची) होते. वरच्या आरपीएमला मंद पडणाऱ्या गाड्यांत याची शक्यता आधी तपासावी. गार इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटात जोडांजवळ टक-टक असा आवाज येतो का ते ऐका. इंजिन तापून धातू फुगला की तो आवाज बंद होतो आणि गळती सापडत नाही.

शर्यतीच्या आधी बॅटरी काढून ट्रिम पुसणारे पुष्कळ आहेत. त्याने एक-दोन लॅप मिळतात, खोटं नाही. पण प्रत्येक वेळी पुसल्यावर ईसीयू कुठून कुठे शिकतोय हेच कळेनासं होतं आणि निदान कायमचं लांबतं. कारण सापडेपर्यंत, वरच्या तपासणीखेरीज, पुसू नये.

१९९० ते ९५ च्या गाड्यांत ट्रिमचा आकडा स्कॅनरवर दिसत नाही. तिथे वाइडबँड हाच एक डोळा. प्रेशर मोजताना रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे नळी काढल्यावर दिसणारं प्रेशर तेच फुल थ्रॉटलचं. स्टॉक एनएत ते साधारण २.७ ते ३.२ बार, म्हणजे ३९ ते ४६ पीएसआय. पंप इंजिन बंद ठेवून चालवायचा असेल तर डायग्नोसिस डबीत एफ/पी आणि जीएनडी जोडून चावी ऑन करा. गेज जोडण्याआधी लाइनमधलं प्रेशर उतरवा आणि जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवा. पेट्रोलचा फवारा गरम एक्झॉस्टवर उडाला तर ट्यूनिंगचा प्रश्न कायमचा मिटतो.

एनबीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एनबीत परतीची लाइन नाही, रेग्युलेटर टाकीत बसलाय आणि प्रेशर ४ बारच्या आसपास कायम राहतं. एनएचे आकडे तिथे लावू नका.

बेस टायमिंग जागेवर आहे का

एनएत सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसलेला कॅम अँगल सेन्सर फिरवून टायमिंग बदलता येतं. स्टॉक १० अंश बीटीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या १० अंश आधी. शर्यतीत १४ च्या आसपास ठेवणं सर्रास चालतं, आणि मधल्या आरपीएमला त्याचा फरक सीटवर बसून कळतो. बेस एक अंश हलवला की ईसीयूचा सगळा नकाशा एक अंश हलतो. म्हणून मोजताना झालेली चूक संपूर्ण आरपीएमभर भोगावी लागते.

१. इंजिन पूर्ण गरम, पंखा बंद पडलेल्या क्षणी, दिवे-ब्लोअर बंद.
२. डायग्नोसिस लिहिलेल्या डबीत टीईएन आणि जीएनडी तारेने जोडा. ही तार न जोडता मोजलं तर ईसीयू आयडल सांभाळायला टायमिंग सतत हलवत असतो आणि मार्क नाचतो. त्या नाचाची सरासरी काढून लावलेलं टायमिंग हे सर्वात जास्त आढळणारं चुकीचं टायमिंग.
३. आयडल ८५० आरपीएमच्या जवळ आहे ना ते पाहा.
४. टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरवर. पुलीवरचा मार्क आणि कव्हरवरची पट्टी जुळवा. १२ च्या पान्याने सेन्सरचा बोल्ट सैल करून हलक्या हाताने फिरवा.
५. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना सेन्सर सरकतो. तार काढा.

डायल असलेला टायमिंग लाइट इथे दगा देतो. मियाटाची कॉइल प्रत्येक फेरीला ठिणगी देते, दर दोन फेऱ्यांना एक नव्हे. ज्या लाइटला हे सांगितलेलं नसतं तो डायलवरचा कोन अर्धाच लावतो. डायल १४ वर ठेवून मार्क शून्याशी जुळवला तर खरं टायमिंग ७ असू शकतं. डायल शून्यावर ठेवा आणि मार्कच वाचा. कव्हरवर १० च्या पुढे खूण नसेल तर पुलीचा घेर टेपने मोजा, ३६० ने भागा, ४ ने गुणा आणि तेवढ्या अंतरावर पुलीवर पांढऱ्या रंगाची रेघ काढा.

सेन्सर हलवताना त्याची ओ-रिंग बदलून टाकावी. जुनी कडक झालेली असते आणि एकदा हलली की फायरवॉलच्या बाजूला तेल गळायला लागतं.

आता टायमिंग लावून बोल्ट आवळला, आणि दोन शर्यतींनंतर मोजलं तर तीन अंश कमी! सेन्सरचा बोल्ट तर घट्ट आहे. अशा वेळी १.६ ची क्रँक पुली पाहा. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं नाक (पुली बसते ते पुढचं टोक) आखूड आहे. पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब नाक. आखूड नाकात चावीचा (चाक क्रँकवर घट्ट धरणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) गाळा झिजतो, पुढचं दातेरी चाक क्रँकवर किंचित डुलायला लागतं, आणि त्यामागोमाग कॅम आणि टायमिंग दोन्ही मागे पडतात. इंजिन चालू असताना पुली समोरून पाहा. डुगडुगत असेल तर टायमिंग लाइट ठेवून द्या. हा ट्यूनिंगचा विषय राहिला नाही. चावी बदलून वेळ मारून नेता येते, पण झिजलेल्या गाळ्यात नवी चावीही लवकरच सैल होते. लांब नाकाचा क्रँक किंवा इंजिन शोधायला लागा.

एनबीत हा सगळा खटाटोप नाही. टायमिंगचा इशारा क्रँकवरच्या चार दातांच्या चकतीवरून येतो आणि फिरवायला काही नाही. तिथे सेन्सर आणि दातातली फट, कनेक्टरमधलं तेल, आणि चकती वाकलेली नाही ना, एवढंच.

उष्णता, नॉकिंग आणि पंपावरचा आकडा

हवा २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. तेवढी ताकद जाणारच, ट्यूनर कोणीही असो. पण ही झळ सगळ्यांनाच लागते. तुमच्या एकट्याच्या गाडीला जे होतं ते टायमिंग मागे ओढलं जाणं.

एनबीला नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी स्फोट) ऐकणारा सेन्सर आहे, एनएला नाही. एनबीत लॉगमध्ये ५५०० आरपीएमला, फुल थ्रॉटलला, दुसऱ्या लॅपचं ॲडव्हान्स आणि नवव्या लॅपचं ॲडव्हान्स शेजारी ठेवा. तीन-चार अंशांची घट दिसली तर ईसीयू नॉक किंवा तापमान पाहून मागे सरकतोय. सैल हीट शील्ड किंवा खडखडणारा ब्रॅकेटही नॉकसारखाच ऐकू येतो, त्यामुळे पेट्रोलला दोष देण्याआधी पाना घेऊन खालचे बोल्ट तपासा.

एनएत ईसीयूला नॉक ऐकूच येत नाही. तिथे प्लगच वाचावे लागतात. फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवा आणि प्लग भिंगाखाली पाहा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण दिसले तर टायमिंग लगेच दोन अंश मागे घ्या. चारही प्लग पाहा, विशेषतः मागचा चौथा. हे इंजिन मुळात आडव्या बसणाऱ्या कुटुंबातलं, थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला, त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे कूलंट कमी फिरतं.

पेट्रोलच्या ऑक्टेन आकड्यात मराठी वाचकांचा हमखास गोंधळ होतो. भारतात पंपावर आरओएन लिहितात, अमेरिकेत एकेआय, म्हणजे आरओएन आणि एमओएन या दोन ऑक्टेन चाचण्यांची सरासरी. अमेरिकेतलं ९१ म्हणजे साधारण आपल्याकडचं ९५-९६ आणि तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या जवळ. ‘९१ टाकलं म्हणून नॉक झालं’ असा निष्कर्ष पुण्यातल्या पंपाच्या अनुभवावरून काढू नये. ८७ टाकून १४ अंशांवर पळवलं तर मात्र नॉकची तक्रार करायची नाही.

थंड ठेवण्यासाठी आधी फुकटचे उपाय करा. खालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे शाबूत आणि जागेवर हवा. तो नसेल तर हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. रेडिएटरच्या कडांच्या फटी फोमने बुजवा. ग्रिडवर इंजिन बंद ठेवा आणि नियम परवानगी देत असतील तर बॉनेट उघडं.

कूलंट सेन्सर खोटं बोलत असेल तर हे सगळं वाया जातं. ईसीयूचा सेन्सर वेगळा, गेजचा वेगळा. एक ठीक म्हणून दुसरा ठीक असेल असं नाही. एनएत ईसीयूचा सेन्सर २० अंशांना २.२ ते २.७ किलोओम आणि ८० अंशांना साधारण ३०० ते ३५० ओम दाखवतो. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर बुडवून मोजा.

हवा मोजणारी यंत्रणा

१.६ मध्ये झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. आतला कार्बनचा ट्रॅक तीस वर्षांत झिजतो. काट्याचा व्होल्टमीटर लावून झडप बोटाने सावकाश ढकला. व्होल्टेज सलग बदललं पाहिजे, मध्येच उडी नको. डिजिटल मीटर ही उडी दाखवतच नाही. झडपेच्या स्प्रिंगचा ताण कुणी बदललेला असला तर तो नियमभंग आहे आणि वर मिक्स्चरही एका बाजूला सरकवतो. उंचावर, म्हणजे कोलोरॅडोतल्या दीड हजार मीटरच्या आसपासच्या ट्रॅकवर, या प्रकारचा मीटर विरळ हवेत रिचकडे झुकतो. समुद्रसपाटीवर जुळवलेलं प्रेशर तिथे पुन्हा तपासा.

१.६ च्या मॅन्युअल गाडीत थ्रॉटल सेन्सर म्हणजे केवळ दोन टोकांचं स्विच: बंद आणि पूर्ण उघडं. केबल सैल असेल किंवा पेडलखाली कार्पेट आडवं येत असेल तर ‘पूर्ण उघडं’ हा संपर्क जुळतच नाही आणि ईसीयूला फुल थ्रॉटल कळत नाही. ड्रायव्हरला सीटवर बसवून, बूट घालून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि मल्टिमीटरने संपर्क पाहा. हाताने थ्रॉटल फिरवून केलेली तपासणी निरुपयोगी, कारण हाताला कार्पेट लागत नाही.

१९९४ पासूनच्या १.८ मध्ये गरम तारेचा सेन्सर आहे. तेल लावलेला कापसाचा फिल्टर वापरला की तेल तारेवर बसतं, तार हवा कमी मोजते आणि गाडी लीन होते. एमएएफसाठीचाच (या हवा मोजणाऱ्या सेन्सरसाठीचाच) क्लीनर फवारा, वाळू द्या, ब्रश लावू नका. फिल्टरला तेल कमी लावा किंवा कोरडा फिल्टर वापरा.

बाकीचं थोडक्यात

वळणातून निघताना मिक्स्चरची लीनकडे टोकदार उसळी आणि त्याच क्षणी प्रेशर खाली: टाकी पाव भागाच्या खाली आली की हे होतं. पेट्रोल जास्त भरा आणि वजनाचा हिशेब त्याप्रमाणे करा. प्रेशर सरळ रस्त्यावर, वरच्या आरपीएमलाही हळूहळू उतरत असेल तर पंपापाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी असेल तर रिले, कनेक्टर आणि अर्थ साफ करा. प्लगच्या वायरी दर मोसमाला बदला, गॅप १.० ते १.१ मिलिमीटर. थकलेल्या वायरीची मिसफायर वाइडबँडवर लीनसारखी दिसते, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. त्यामुळे पेट्रोल वाढवण्याआधी वायरी.

आणि गाडी जुनी, दोन-तीन हात फिरलेली विकत घेतली असेल तर ईसीयूचं झाकण एकदा उघडून पाहा. आत पुन्हा केलेलं सोल्डरिंग, सॉकेटमध्ये बसवलेली चिप, किंवा लेबलवरचा क्रमांक गाडीच्या वर्षाशी न जुळणारा दिसला, तर खात्रीचा स्टॉक ईसीयू आणून त्याच डायनोवर, त्याच दिवशी दोन्ही लावून पाहा. आधीच्या मालकाने काय केलं होतं हे तपासनीसाला सांगून चालत नाही. पकडला जातो तो सध्याच्या नावावरचा.